फटफटीसाठी घेतलेली ट्रॉली

आबांची फटफटी आमच्या गावी, विंझरच्या गोठ्यात कैक वर्षं धूळ खात उभी होती. ती भोरला नेऊन दुरुस्त करायची असं मी ठरवलं. टेम्पो सांगितला असता तर काम कधीच उरकलं असतं, पण आबा, म्हणजे माझे वडील, अडून बसले.

"टेम्पोत घातलेलं जनावर माघारी येत न्हाई," म्हणाले.

आमची शेवटची बैलजोडी टेम्पोतूनच गेली होती. फटफटी म्हणजे बैल नव्हे, हे सांगून मी घसा कोरडा केला. ऐकतील तर शपथ! शेवटी माझ्या जीपमागं जोडायला नसरापुरात एक जुनी दोन चाकांची ट्रॉली विकत घेतली. लग्नातला जनरेटर वाहून वाहून तिचा पत्रा काळा पडला होता. वेल्डिंगवाल्याच्या डोक्यावर उभं राहून मी मधोमध चाक बसेल अशी लोखंडी पन्हाळ मारून घेतली, कोपऱ्यांना कड्या लावल्या, चढवायला जाड फळी केली, आवळायचे पट्टे आणले. वर निळा रंग दिला. मला त्या ट्रॉलीचा फार अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू.

आबांनी काठी टेकत तिच्याभोवती फेरी मारली, बैलबाजारात मारायचे तशीच. मग भाताचा पेंढा आणून आत अंथरला.

"आबा, पेंढा कशाला?"

"हादरं बसत्याल तिला."

शेजाऱ्यांनी फटफटी वर चढवली, मी पट्टे आवळले आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेले.

निघालो. आबा माझ्या शेजारी बसून सारखे मागं बघत होते. लहानपणी याच रस्त्यानं मी त्या फटफटीच्या टाकीवर बसून नसरापूरला जायचे. मागं दुधाच्या किटल्या, पुढं मी, आणि माझ्या डोक्यावर आबांची हनुवटी. पेट्रोल आणि दुधाचा तो मिसळलेला वास आता कुठंच येत नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मार्गासनीच्या वळणावर मागून दाणकन आवाज आला. उतरून बघते तर फटफटी आडवी, आरसा फुटलेला. मी चहा करत होते तेवढ्यात आबांनी माझे पट्टे सोडून बैलांचे जुने कासरे बांधले होते. तेही सैल!

"असं बांधतात का, आबा?" मी भर रस्त्यात तडकले.

"आवळून बांदलं तर जनावर धडपडतं, पाय मोडून घेतं. मान हलवाया जागा नगं का?"

जन्मभर त्यांनी बैल असेच बांधले होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवून आम्ही फटफटी उभी केली. मी रागारागानं पट्टे आवळायला लागले. आबा पेंढा सारखा करत होते. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "माघारी आणशील न्हवं?"

माझा राग तिथंच ओसरला. "आणणार म्हणजे आणणार," मी म्हणाले.

भोरच्या मेकॅनिकनं पार्ट मिळत नाहीत म्हणत फटफटी बरीच अडकवून ठेवली. मी सासरी भोरातच असते. रोज संध्याकाळी आबांचा फोन यायचा, "कशी हाय?" मी आपली म्हणायचे, बरी आहे. तर म्हणायचे, "तू न्हवं, ती."

फटफटी चालू झाली तशी मी ती त्याच ट्रॉलीतून विंझरला घेऊन गेले. हॉर्न ऐकून आबा अंगणात आले. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. नवा बैल दारात आला की आई असंच करायची. मला हसू फुटलं.

"आबा, ही आता भाकरी खाणार का?"

त्यांनी फटफटीवरून तुकडा ओवाळून लांब टाकला, पुढच्या चाकावर पाणी घातलं आणि टाकीवरून हात फिरवला. "आली गं माघारी," म्हणाले.

मी पिशवी उचलून उंबऱ्याकडे निघाले. मी माहेरी आले की आई मला आधी बाहेर थांबवायची, भाकरतुकडा ओवाळायची, मगच आत घ्यायची. आई गेल्यापासून मी सरळ आत जात होते.

"थांब. हितं हुबी ऱ्हा," मागून आबा म्हणाले, आणि सदऱ्याच्या खिशातून त्यांनी दुसरा तुकडा काढला.