वर चढणारा काटा

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. मी चौदा वर्षांची होते, आणि आसेगावच्या आसपास माझ्याइतकं शहाणं कोणी नाही अशी माझी पक्की समजूत होती. थोरला भाऊ, आमचा दादा, पलटणीतून महिन्याच्या सुटीवर आला होता. विमानातून उड्या मारून कापडी छत्र्या तपासायच्या, हे त्याचं काम. मोडीत निघालेल्या विमानातलं उंची सांगणारं घड्याळ त्यानं सोबत आणलं होतं. काळी डबी, वर काच, आत काटा, आणि बाजूला कान पिळावा तशी पिळायची कळ. जमिनीवर असताना कळ पिळून काटा शून्यावर आणायचा. मग जितकं वर जाल तितका तो पुढं सरकणार.

“वर गेलेलं समजाले डोये नाईत का?” मी विचारलं.

“डोयेच तर फसवतात, बये. उडी मारल्यावर जमीन जवळ येतच नाई. चित्रावानी पडून राह्यते. वाटते, अजून लय टाइम आहे. अन मंग एकाएकी चोहीकडून फाकते. तवा छत्री उघडून काय फायदा? म्हणून काट्याकडं पाहा लागते.”

मला ते पटलं नाही, पण घड्याळ फार आवडलं. सकाळी शून्यावर लावून कोनाड्यात ठेवलेला काटा दुपार कलेपर्यंत शंभर फुटांवर गेलेला दिसायचा. कोणी हात लावलेला नसे. कोनाडा तिथंच, भिंत तिथंच. म्हणजे घरच वर चाललं होतं, आणि हे फक्त मला कळलं होतं! घराला वजन हवं म्हणून मी पाटा-वरवंटा ओढत उंबऱ्यात आणून ठेवला. माय त्याला ठेचाळली.

“काय वं, पाटा इथं कायले आणला?”

“घर उडून राह्यलं, माय.”

दादा पोट धरून हसला. “हवा पातळ झाली का काट्याले वाटते आपण चढलो. घर कुठं नाई जात.” मी मान हलवली, आणि पाटा फक्त दाराआड सरकवला.

सुटीच्या शेवटच्या आठवड्यात विहिरीतला गाळ काढायचा ठरला. विहीर आठ परस, म्हणजे आठ पुरुष खोल. छातीला दोर बांधून दादा उतरणार होता. मोटेच्या चाकावरून दुसरं टोक बैलजोडीला बांधलेलं. बाबा चाकापाशी, सालदार गडी बैलांपाशी. दोराला परसापरसावर चिंधी. चिंधी चाकावरून गेली की बाबा दोराला हिसका देणार, मग खालच्यानं आकडा ओरडायचा आणि काठावरच्यानं तोच परत करायचा. आमच्याकडची जुनीच रीत. खालचा माणूस शुद्धीवर आहे हे त्यावरून समजतं.

काठावरची मी. माझं आणखी एक काम होतं. माणूस उतरायच्या आधी प्रत्येक वेळी पेटता कंदील तळापर्यंत सोडायचा. विझला तर खाली हवा वाईट. सकाळी सोडला, जळत वर आला. दादा दोनदा उतरून आला. जेवणानंतर पुन्हा सोडायचा होता. पण मी घड्याळ मांडीवर घेऊन बसले होते. आभाळ गच्च होतं, झाडाचं पान हलत नव्हतं, आणि काटा दोनशेच्या पुढं गेला होता. इतका तो कधी चढला नव्हता.

“कंदील सोडला का वं?” बाबांनी विचारलं.

“सोडला नं. जळत आला.”

इतकं सहज बोलले मी.

दादा उतरू लागला. “एक!” मी म्हटलं, “एक!” दोन. तीन. चार. त्याचा आवाज विहिरीच्या भिंतींना घासत वर येत होता. “पाच!” मग सहावी चिंधी चाकावरून गेली आणि खालून आवाज आला, “चार.”

मला वाटलं, चेष्टा करतोय. मी हसून “चार!” म्हटलं.

“तीन,” तो म्हणाला. गोड, लाडात आलेल्या लेकरासारखं.

दोर खाली जात होता. आकडे वर येत होते. मांडीवरचा काटाही वर. आणि माझ्या शहाण्या डोक्यानं काय निष्कर्ष काढावा? मी ओरडले, “बाबा, दादा वर येऊन राह्यला!”

बाबांनी चाकाकडं पाहिलं. सातवी चिंधी.

“दोन,” अगदी माझ्या कानाशी कोणी बोलावं तसं. तो कानापाशी नव्हता, सात परस खाली होता. “एक” आलाच नाही. मी वाकून पाहिलं. खाली नुसतं काळं, हालचाल नसलेलं, चित्रासारखं.

“बैल हाकल!” बाबा ओरडले.

दादा वर आला तेव्हा मान छातीवर लोंबत होती, ओठ जांभळाच्या रंगाचे. तोंडावर पाणी मारलं, पाठ चोळली. बऱ्याच वेळानं त्यानं श्वास ओढला, त्या आवाजानं बैलही बिचकले. तो डोळे उघडीपर्यंत बाबांनी स्वतः कंदील पेटवून सोडला. पाचव्या चिंधीशी तो विझला.

“मघा तर जळत होता म्हणे,” बाबा म्हणाले आणि माझ्याकडं वळले.

दादा जमिनीवर पडल्या पडल्या म्हणाला, “जळत होता, बाबा. मी पाह्यला.”

त्यानं काही पाहिलं नव्हतं. तो तेव्हा बाभळीखाली भाकर खात होता.

निघायच्या दिवशी त्यानं मला ओट्यावर बोलावलं. “वरची हवा पातळ झाली का विहीर पोटातली वाईट हवा सोडते. त्या रोजी तुह्या मांडीवरचा काटा तेच सांगून राह्यला होता. मलेही नाई समजलं.” मग कळ पिळून त्यानं काटा शून्यावर आणला आणि घड्याळ माझ्या हातात दिलं. “याले सोता काही समजत नाई, बये. जमीन इथं आहे, हे आधी आपण सांगतो. खोटं सांगितलं तरी ते मानते.”

“माह्यावर रागावला का?”

“मोजाले तर मीच चुकलो नं,” तो म्हणाला, आणि हसला नाही.

घड्याळ अजून माझ्या पेटीत आहे. दुपार कलली की काटा चढतो. घर कुठं जात नाही, हे मला आता माहीत आहे. तरी त्या वेळी मी हळूच “एक” म्हणते, आणि गप्प राहून ऐकते.