चिंचेच्या पाण्यातल्या पुंगळ्या

श्रीरंगकाकांच्या गराजमध्ये गाडी कधीच नसते. ती बाहेर ऊन-पाऊस खात उभी असते आणि आत एक लांब टेबल, एक दिवा आणि काका असतात. इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला, आमच्या ओळीतली घरं भिंतीला भिंत लागून आहेत, त्यामुळे काकांचं काम सुरू झालं की कसलीशी घरघर थेट माझ्या स्वयंपाकघरात पोचते. राहायला आले तेव्हा पहिल्याच महिन्यात मी वैतागून तक्रार करायला गेले होते. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. दुसऱ्याचं चुकलेलं मला लगेच दिसतं आणि तोंडही लगेच उघडतं. काकांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, एक चकचकीत पितळी नळी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "फुंकर मारून बघ, वल्लरी."

मी मारली. नुसती हवा गेली. मग त्यांनी ती खालच्या ओठाला टेकवून हलकेच फुंकली आणि गराजभर एक बारीक, लांब सूर पसरला. तक्रार राहिलीच. ती नळी म्हणजे रायफलच्या काडतुसाची रिकामी पुंगळी होती हे मला नंतर कळलं आणि मी घरी येऊन दोनदा हात धुतले.

रायफल मात्र काकांची नाही, रत्नाकाकूंची. काकू निवृत्त फार्मासिस्ट आहेत. कोल्हापूरला कॉलेजात असताना एनसीसीत नेमबाजी करायच्या. मग लग्न, अमेरिका, मुलं, नोकरी, आणि मुलं घराबाहेर पडल्यावर पुन्हा रायफल. सहाशे यार्डांवरच्या, जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात त्या गोळ्या घालतात. बटाटेवडे तळणारी, हळदीकुंकवाला सगळ्यात आधी येणारी बाई हे करते यावर आमच्या मराठी मंडळातल्या निम्म्या लोकांचा अजून विश्वास नाही.

एवढ्या लांबून नेम धरायचा तर प्रत्येक काडतूस आधीच्यासारखंच हवं, म्हणून ती घरी बनतात. पुंगळी एकच, पुन्हा पुन्हा वापरायची. गोळी सुटली की पुंगळी किंचित फुगून त्याच रायफलच्या आतल्या मापाची होते. मग ती घासायची, मानेशी, म्हणजे गोळी बसते त्या निमुळत्या तोंडाशी, तापवून मऊ करायची, वाढलेली लांबी कापायची, काठ गुळगुळीत करायचे. हे सगळं काकांकडे. दारू भरणं आणि गोळी बसवणं काकूंकडे, ते त्या आतल्या खोलीत दार लावून करतात. काका बंदुकीला हातसुद्धा लावत नाहीत. पुंगळ्या मात्र त्यांच्या जिवाचा विसावा.

त्याला कारण आहे. त्यांचे वडील कराडला लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. लग्नसराई जवळ आली की सगळी वाद्यं अंगणात यायची आणि घरातली पोरं चिंच-मीठ लावून ती घासायची. ट्रम्पेट काकांकडे असायचं. घासून झालं की वडील तिथेच एक सूर लावून बघायचे आणि तेवढ्या सुरात, काका म्हणतात, आख्खं अंगण पिवळं व्हायचं.

म्हणून काका प्रत्येक धुतलेली पुंगळी वाजवून बघतात. ज्यांचा सूर जुळतो त्या एका डब्यात, बाकीच्या दुसऱ्या. काकूंना हे खुळ वाटे. त्या चष्मा नाकावर ओढून म्हणायच्या, "अहो, पुंगळी वाजवायची नसते, मेजर करायची असते." आणि आपल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर सगळं परत तपासायच्या.

मान तापवायची असली की काका गराजमधला दिवा घालवत, पितळेचा रंग बदलताना दिसावा म्हणून. त्या अंधारात एक निळी ज्योत, तिच्यापुढे सावकाश फिरणारी पुंगळी, आणि तिच्यावर पसरत जाणारी सोनेरी, मग जांभळट झाक. मी कितीदा ऑफिसचा कॉल संपवून तिथे स्टूल टाकून नुसती बसले आहे. माझ्यासारख्या चळवळ्या बाईलासुद्धा तिथे कुठे जावंसं वाटायचं नाही. काका बोलायचे ते अर्धं आम्हाला, अर्धं अंगणातल्या कुणाला तरी. बोलता बोलता थांबायचे. पुंगळी हातात तशीच राहायची आणि ते कुठेतरी निघून जायचे. काकू आतून "अहो!" अशी हाक मारायच्या की परत यायचे.

गेल्या वर्षभरात हे जाणं वाढलं होतं, आणि परत यायला वेळ लागत होता. गॅसवर चहा उकळून आटायचा. नेहमीच्या दुकानातून येताना वळण चुकायचं. काकूंना सगळं दिसत होतं, पण त्या त्याचं नाव काढत नव्हत्या. मीही तोंड आवरलं होतं, जे मला सोपं जात नाही.

ऑक्टोबरातल्या मोठ्या स्पर्धेच्या आधी काकू शॉमबर्गला मुलीकडे, सियाकडे, गेल्या. जाताना काकांना सांगून गेल्या की मॅचच्या पुंगळ्या घासून ठेवा, आल्यावर मी भरते. त्या गेल्या आणि घासण्याचं यंत्र, टम्बलर, बंद पडलं. घरघर थांबली हे मला खरं तर तेव्हाच खटकायला हवं होतं. काका माझ्याकडे वाटी घेऊन आले आणि चिंच मागितली. मला वाटलं आमटी करताहेत. मी चांगला मोठा गोळा दिला आणि गूळही देऊ का म्हणून विचारलं. ते हसले, म्हणाले, "गूळ नको. मीठ आहे घरात."

काकूंना एअरपोर्टवरून मीच घेऊन आले. गराजचं दार उघडलं तसा आंबट वास आला. टेबलावर स्टीलचं पातेलं होतं, त्यात तपकिरी पाणी, आणि पाण्यात काकूंच्या पुंगळ्या. काका शेजारी खुर्चीत बसून समोरच्या पाइनच्या झाडांकडे बघत होते.

"बघ," ते उठत म्हणाले, "आत्ताच घातल्यात. पाच मिनिटांत काढतो. टम्बलरपेक्षा लखलखीत होतील."

काकूंनी एक बाहेर काढली, नळाखाली धरली. ती पिवळी नव्हती, गुलाबी होती. पातेल्याच्या कडेला कोळ वाळून चिकटला होता. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि मला खरं सांगावं लागलं. चिंच मी परवा दिली होती.

आंबटात पितळ इतका वेळ राहिलं की त्यातलं जस्त निघून जातं, तांबं उरतं, आणि धातू आतून ठिसूळ होतो. ट्रम्पेट चोळून लगेच धुवायचे, म्हणून ते उजळायचं. इथे मात्र ही पुंगळी भरून झाडली असती तर काकूंच्या गालापासून वीतभर अंतरावर फुटली असती. काकूंनी पक्कड घेतली आणि एकेक पुंगळीचं तोंड दाबून चेपलं, कुणी चुकूनही वापरू नये म्हणून. काका ते बघत उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "मला यातलं आता काही देऊ नकोस, रत्ना."

संध्याकाळी सियाचा व्हिडिओ कॉल आला. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आई, दिस इज नॉट सेफ. बाबांना त्या गराजमध्ये जाऊच देऊ नकोस. लॉक इट." तिचं चूक नव्हतं. मलाही तेच वाटत होतं. काकू म्हणाल्या, "बघते." पण काकांकडून ते टेबल काढून घेतलं तर मागे काय उरेल हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याची त्यांना भीती वाटत होती. त्या रात्रभर झोपल्या नाहीत असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

स्पर्धेला काकू नव्या, दुकानातून आणलेल्या पुंगळ्या तशाच भरून निघाल्या. काका दरवर्षी खुर्ची आणि थर्मास घेऊन बरोबर जायचे. या वेळी नको म्हणाले, म्हणून मी गेले. मला यातलं फारसं कळत नाही, पण वाईट नेम मला कळला. गोळ्या ताटाच्या कडेला, कधी ताटाबाहेर. शेजारच्या जागेवरचा नेमबाज, देव नावाचा, मूळचा नागपूरचा, येऊन म्हणाला, "काकू, इतक्या रॉ ब्रासवर, कोऱ्या पुंगळ्यांवर का आलात यार? कॅन्सल करायचं ना." काकू हसल्या फक्त. त्या जवळजवळ शेवटच्या आल्या. नंतर गवतात गुडघे टेकून त्यांनी पडलेली एकेक पुंगळी शोधली, एकही सोडली नाही. मला त्यांचा राग आला. वर्षभर वाट बघायची आणि असं हरायला यायचं?

"हरायला नव्हते आले," गाडीत त्या म्हणाल्या. "नव्या पुंगळ्या एकदा तरी माझ्या रायफलमधून जायला हव्या होत्या, आणि सगळ्या एकदम मॅचलाच जातात. त्याशिवाय त्यांना माझं माप येत नाही. आणि माप आल्याशिवाय ह्यांच्या हाताला काम नाही." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मॅच काय, पुढच्या वर्षी पण असेल."

काका पुढच्या वर्षी असे असतील की नाही, हे त्या बोलल्या नाहीत. मी गाडी चालवत राहिले.

घरी येऊन त्यांनी डबा काकांपुढे ठेवला. काका मागे सरकले. "मी विसरतो गं."

"विसरा. मी शेजारी बसणार आहे. नवा टम्बलर येतोय. चिंच मात्र वल्लरीकडेच राहील."

शनिवारी दुपारी भिंतीपलीकडून पुन्हा घरघर सुरू झाली आणि मी चहा घेऊन गेले. आता टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. पुंगळ्या धुऊन पिवळ्याधमक ओळीत मांडलेल्या. काका एक उचलत, वाजवत, ठेवत. काकू काट्यावर ठेवून बघत. बाहेर पाइनची पानं गळत होती आणि दारातून आलेलं ऊन टेबलावर पसरलं होतं. एक सूर, मग तसाच दुसरा, मग तिसरा.

मग सूर थांबला. काकांचा हात ओठापाशी तसाच राहिला आणि डोळे उन्हात कुठेतरी लांब गेले. मी काकूंकडे बघितलं. आता त्या "अहो!" म्हणतील. त्या म्हणाल्या नाहीत. काटा बाजूला सारून त्यांनी एक पुंगळी उचलली, ओठाला लावली आणि फुंकली. नुसती हवा. पुन्हा फुंकली. पुन्हा हवाच. त्यांचे डोळे भरून आले होते, तरी त्या फुंकत राहिल्या.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. काकांनी मान वळवली आणि त्यांच्याकडे बघितलं.

"असं नाही, रत्ना," ते म्हणाले, आणि त्यांनी काकूंची हनुवटी बोटाने जराशी वर केली. "खालच्या ओठाला टेकव. हां. आता हळू."