पोचल्याचा मिस्ड कॉल

काल नवरा रिक्षातून उतरला तो लॅपटॉपची बॅग पोटाशी धरूनच. सकाळी ऑफिसचा हा लॅपटॉप तो दुसऱ्याच एका रिक्षात विसरला होता. "अगं, त्यात सिमकार्ड असतं," तो कौतुकाने सांगत होता. "वाय-फाय नसलं तरी मोबाईलच्या नेटवर्कवरून तो कुठे आहे ते ऑफिसात कळतं. त्यांनी तिथूनच तो लॉक केला आणि मला सांगितलं, मंडईच्या रिक्षा स्टँडवर जा."

मग त्याने बॅगेवरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली आणि माझा नुसता जळफळाट झाला. भाग्यवान मेला! कुठेही जाऊन पडला तरी त्याच्यावर कुणाची तरी नजर असते.

माझ्यावर अशी नजर ठेवणारी एक आई होती. "पोचलीस की मिस्ड कॉल दे," म्हणायची आणि मी वैतागायचे. ती गेल्यापासून मी पोचले काय, न पोचले काय. परवा घाटात बस बंद पडली, यायला केवढा उशीर झाला, तर ह्याने दार उघडून विचारलं, "दूध आणलंस का?"

आज बहिणीकडे साताऱ्याला आले. स्टँडवर उतरल्यावर काय वाटलं कोण जाणे, ह्याला एक मिस्ड कॉल दिला. लगेच त्याचा फोन आला. मी खुळ्यासारखी हरखले.

"काय गं, चुकून लागला का?"

"हो," मी म्हटलं.