शनिवारपर्यंत एक तरी फुलपाखरू

चार शिक्षक जमले की किस्से निघतातच, आणि माझी पाळी यायच्या आधीच कुणीतरी म्हणतं, "बाई, अळ्यांचं सांगा!"

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बदलापूरच्या शाळेत मी नवी, नोकरी अजून पक्की व्हायची होती. आणि मी पाचवीला गृहपाठ काय दिला, तर कढीपत्त्यावरची अळी बरणीत ठेवा, रोज पाला घाला आणि तिचं फुलपाखरू होईपर्यंत वहीत लिहा. अक्कल बघा माझी!

पंधरवड्यात पालकांच्या तक्रारी मुख्याध्यापिकेकडे. त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्यांनी मला बोलावून मुदतच दिली. "शनिवारपर्यंत एक तरी फुलपाखरू दाखवा. नाहीतर बरण्या बाहेर, आणि तुमच्या कायम होण्याचंही मग बघू!"

* * *

बरण्या मीच उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून आणल्या होत्या. झाकणांना हवेसाठी भोकं पाडून द्या म्हटल्यावर सिंधी दुकानदार बघतच राहिला. "मॅडम, नये माल में छेद?"

पण माणूस धंद्याला पक्का! चार बरण्या फुटल्या म्हणून परत गेले, तर आता सगळ्याच झाकणांना भोकं. एक गिऱ्हाईक भांडत होतं, साखरेला मुंग्या लागल्या म्हणून. हा शांतपणे म्हणाला, "आपने स्कूलवाला मॉडल उठाया ना!"

* * *

महेशचे वडील अंबरनाथच्या कारखान्यात सुपरवायझर. त्यांनी घरी अळीचं रजिस्टरच ठेवलं. फर्स्ट शिफ्टला आई, सेकंडला आजी!

एक दिवस महेशबरोबर चिठ्ठी आली. "अळीने कालपासून खाणे व हालचाल बंद केली आहे. कोणतीही मागणी केलेली नाही. काय करावे?"

मी खाली लिहिलं, "कोश करत आहे. बोलणी करू नयेत."

* * *

चामटोलीच्या एका मुलीचे आजोबा थेट वर्गात आले. "बाय, लिंबावरच्या या अल्या आमी मारून मारून दमलो, न तुमी पोरांना पालाया सांगता?"

मी त्यांना नीट समजावलं. म्हातारबाबा मान हलवत गेले. दुसऱ्या दिवशी भलीमोठी पिशवी घेऊन हजर! "सगल्या आनल्यान. आता तुमीच सांबाला!"

* * *

सुजाताच्या कोशातून फुलपाखरू निघालंच नाही. निघाले गांधीलमाशीसारखे बारीक बारीक किडे. पोर हमसून हमसून रडली. तिची आई बरणी घेऊन शाळेत आली. "बाई, खायला-प्यायला काही कमी केलं नव्हतं हो!"

मी सांगितलं, ही माशी अळीच्या अंगात अंडी घालते, आणि पिल्लं आतूनच अळीला खातात.

"म्हणजे आम्ही दुसऱ्याचीच पोरं पोसली म्हणा की!"

मला वाईट वाटत होतं आणि हसूही आवरेना. सुजातानं डोळे पुसले, वही उघडली आणि विचारलं, "बाई, मग ह्यांना काय खायला घालू?"

* * *

शुक्रवार संपला तरी एकही फुलपाखरू नाही. त्यात पोरांनी कढीपत्ता ओरबाडला म्हणून शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी घसा ताणून भांडून गेले. मोठ्या बाईंनी वैतागून वर्गातली कोशाची एक बरणी पुरावा म्हणून ऑफिसात नेऊन ठेवली.

शनिवारी सकाळी, नोकरी गेली असं धरूनच मी ऑफिसात शिरले. ऑक्टोबरचा उकाडा, आणि खिडक्या बंद, पंखा बंद! क्लार्क घामानं निथळत बसलेले. दारातल्या शिपायानं मला बघून तोंडावर बोट ठेवलं. टेबलावर उघडी बरणी, आणि तिच्यातल्या काडीला चुरगळलेले पंख घेऊन लटकलेलं फुलपाखरू! मला रडूच फुटलं.

तेवढ्यात मागून सेक्रेटरी गरजत आले. "अहो, पंखा तरी लावा! आणि त्या अळ्यांचं काय ठरलं?"

मोठ्या बाईंनी पदरानं घाम पुसला आणि त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते जागीच थांबले.

"हळू बोला हो! नुकतंच बाळंतपण झालंय इथे!"