कडुबा उस्ताद आणि पातळ तेल

कडुबा उस्ताद गाडीचं तेल अंगठा आणि तर्जनीत चोळतात, डोळे मिटतात आणि कुठंतरी निघून जातात. नवख्या गिऱ्हाइकाला वाटतं, माणूस उभ्या उभ्या झोपला. मूळचे ते गंगापूरकडचे. चाळीस वर्षांपूर्वी शहरात आले, गाड्या उघडायला शिकले आणि क्रांती चौकामागच्या गल्लीत गॅरेज टाकून तिथलेच झाले.

"डोळे मिटून जाता कुठं हो?" मी एकदा विचारलं होतं.

"तेलासंगं," ते म्हणाले. "इंजिनाखालच्या टाकीतून निघतो, बाई. वर जातो, पार माथ्यावरच्या कॅमपर्यंत. मंग वघळत वघळत खाली येतो. वाटंत कुठं कोरडं हाय ते दिसतं."

मला हसू आलं होतं. पण त्यांना असं दिसलेलं कधी खोटं निघालेलं नाही.

मी सुलेखा, निवृत्त गणित शिक्षिका. चूक दिसली की माझं डोकं फिरतं, हे आमच्या शाळेच्या भिंतीही सांगतील. निवृत्तीनंतर हौसेनं हायब्रिड गाडी घेतली, पेट्रोल आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालणारी. सिग्नलला तिचं इंजिन आपोआप झोपतं, गाडी बॅटरीवर मुकाट सरकते, आणि जोर लागला की इंजिन पुन्हा जागं होतं. तिच्यात बसलं की मला रस्ताच मागं सरकतोय असं वाटतं.

दिवाळीआधी तेल बदलायची वेळ आली तेव्हा गाडीच्या पुस्तकात होतं तेच तेल घेऊन मी उस्तादांकडे गेले. झिरो डब्ल्यू सिक्स्टीन, अगदी पातळ जातीचं. उस्तादांनी थेंब चोळला आणि डोळे मिटायचीही तसदी घेतली नाही.

"हे तेल नाय बाई, पाणी हाय. आपल्या उन्हात टिकंल व्हय हे?"

बाकावर रोजची चौकडी बसली होती. त्यातले जीपवाले अप्पाराव म्हणाले, "शहरातल्या दुधावानी दिसतंय." सगळे हसले. उस्तादांनी आपल्या पिंपातलं दाट तेल ओतलं. पुस्तकात तर चौकट करून छापलं होतं की यापेक्षा दाट तेल घालू नये. मी ते वाचलं होतं. तरी अर्ध्या गुणासाठी पोरांना रडवणारी मी तिथं मूग गिळून बसले, कारण मनातून मलाही पातळ म्हणजे हलकंच वाटत होतं.

थंडी पडली आणि गाडी कुरकुरायला लागली. सकाळी इंजिन जागं होताना घडीभर खरखर व्हायची, मग सगळं शांत. पेट्रोलही जास्त पिऊ लागली. मी उस्तादांना फोन केला. "सकाळी मी येईस्तोवर हात लावू नका तिला," ते म्हणाले.

सातला आले, कानाला मफलर गुंडाळून. शेजारी बसले आणि डोळे मिटले. आम्ही पैठण रस्त्याला लागलो. ऊन अजून कोवळं होतं, कपाशीवर धुकं रेंगाळत होतं, आणि गाडी आवाज न करता त्यातून चालली होती. आपण दोघंही अजून झोपेतच आहोत असं मला वाटायला लागलं. मग चढ आला, इंजिन जागं झालं, खरखरलं. उतारावर पुन्हा झोपलं.

उस्ताद डोळे न उघडताच बोलू लागले. "आता मी खाली टाकीत पडलोय. गार हाय इथं. वरून हाक येतीया. पण अंग लई जड हाय, बाई. उठवत नाय."

मी वेग कमी केला.

"बाकीच्या गाड्या सकाळी जाग्या झाल्या की सांजंपर्यंत जाग्या. ही घडीघडी झोपती. हिला हाकंसरशी उठणारं तेल पायजे." त्यांनी डोळे उघडले. "पातळ."

त्यांनी अंगठा आणि तर्जनी कोरडीच एकमेकांवर चोळली. "माझ्याकडं सर्टिफिकेट नाय. लोक निस्ता माझा शब्द ऐकून गाडी सोडून जात्यात. तोच चुकला."

मला त्यांची फार कीव आली, आणि स्वतःची लाजही वाटली. "पुढं बिडकीनला दुसऱ्या गॅरेजात बदलून घेऊ," मी म्हटलं. "कुणाला कळणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

पाण्याचा टँकर गेला, मग दुधाची गाडी. मग उस्ताद म्हणाले, "गाडी फिरवा."

गॅरेजात चौकडी हजर होती. उस्तादांनी गाडीखाली घमेलं सरकवलं आणि दाट तेल सोडलं.

"दोन महिन्यांत तेल काढलं?" अप्पारावांनी विचारलं. "काय बिघडलं, उस्ताद?"

"माझं बिघडलं. म्या चुकीचं घातलं हुतं. बाईंनी आणलेलं बराबर हुतं."

कुणी हसलं नाही. अप्पाराव आपल्या जीपकडे बघायला लागले.

"पुस्तकात स्पष्ट छापलं होतं, उस्ताद," मी म्हटलं. "मी वाचलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही."

ते चिडतील म्हणून मी वाट बघत होते. चिडले असते तर बरंच वाटलं असतं. त्यांनी चिंधीला हात पुसले, एक खोकं ओढलं आणि माझ्यासमोर बसले.

"मला इंग्रजी वाचता येत नाय, बाई," ते त्या चौघांदेखत म्हणाले. "आता वाचून सांगा. पयल्यापासून."

मी गाडीतलं पुस्तक काढून उघडलं, पण पहिली ओळ काही केल्या दिसेना. तीस वर्षं मी शिकवलं, आणि माझ्या वर्गात एकही मूल 'मला येत नाही' असं म्हणालं नाही. मी कधी कुणाला म्हणूच दिलं नव्हतं.