चंद्रव्वानं मध्ये घातलेला हात

कुंभारीच्या कामगार वसाहतीत चंद्रव्वा भाकरी करून विकायची. नवरा लवकर गेला. मुलगा सोमलिंग तिनं एकटीनं वाढवला. तो टेम्पो चालवायचा आणि बायकोला, महेश्वरीला, मारायचा. आधी थपडा, मग लाथा, मग कमरेचा पट्टा. चंद्रव्वा ओरडायची आणि शेजारी दारं लावून घ्यायचे.

एका रविवारी दुपारी महेश्वरी मंद्रूपला माहेरी फोन लावताना त्याला दिसली. त्यानं टेम्पोतला जॅकचा दांडा आणला.

"आज हिचं डोस्कंच फोडतो!"

महेश्वरी भिंतीला चिकटली. दांडा खाली आला तेव्हा चंद्रव्वानं उजवा हात मध्ये घातला होता. कोपर आणि मनगटाच्या मधोमध हात वाकला, कातडी फाडून हाडाचं टोक बाहेर आलं. सोमलिंगनं ते पाहिलं. आईच्या तोंडाकडंही पाहिलं. तरी दुसरा घाव घातला, तो तिच्या खांद्यावर बसला. मग तो पळाला.

"पडले," चंद्रव्वानं सोलापुरातल्या दवाखान्यात हाडांच्या डॉक्टर उत्कर्षांना सांगितलं.

"मावशी, पडून असा मार बसत नाही. हा वार अडवलेला हात आहे."

ती म्हणाली, "पलस्तर घाला की."

"दोन्ही हाडं मोडलीत. मोठ्या माणसाची ती नुसत्या प्लास्टरनं वाकडी जुळतात, मग तळहात फिरत नाही. ऑपरेशन करून हाडांवर धातूच्या पट्ट्या बसवाव्या लागतील."

हात बधिर केला, पण ती जागी होती. जखम धुतली, हाडं ओढून जुळवली, ड्रिल घरघरलं. दुखत नव्हतं; प्रत्येक स्क्रूला दंड मात्र हादरायचा. तिला राहून राहून दुसरा घाव आठवत होता. पहिला चुकून लागला म्हणता आलं असतं. दुसरा त्यानं तिला बघून घातला होता.

पाचव्या आठवड्यात तो परत आला. महेश्वरी मोरीत लपली. चंद्रव्वा दारात आडवी उभी राहिली, तसा त्यानं तोच हात धरून पिरगाळला.

"लोखंड घातलंय न्हवं? बघू किती घट्ट हाय!"

ती किंचाळली आणि त्याच्या मनगटाला कडकडून चावली. तोंडात रक्त आलं तरी दात सोडले नाहीत. या वेळी शेजारचा महादेवप्पा धावला, मागून आणखी तिघं आले; चौघांनी सोमलिंगला पाडून दाबून धरलं.

एक्स-रेत एक स्क्रू सैल दिसला. पट्ट्या टिकल्या होत्या. जबाब घ्यायला आलेल्या हवालदाराला चंद्रव्वा म्हणाली, "माझ्या पोरानं मारलं. आधीबी त्यानंच. लिवा."

हाडं पाच महिन्यांत जुळली. तळहात मात्र पुरता उताणा होत नाही. सोमलिंग तुरुंगात आहे, खटला चालू आहे. तारखेला दोघी कोर्टात जातात. परवा त्यानं आईला लांबून हाक मारली, "अव्वा!"

तिनं मान वळवली नाही. महेश्वरीला धरून ती जिना उतरली, आणि खाली भिंतीशी बसून खूप वेळ रडली.