हिरव्या पट्ट्यातला काटा

माझ्या आत्याला सगळे 'तक्तेवाली' म्हणतात. नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात तिनं उभी हयात भिंतीवरचे तक्ते काढण्यात घालवली. डास कुठे वाढले, कुठल्या वस्तीतली मुलं लसीवाचून राहिली, असले रुक्ष आकडे तिच्या टेबलावर यायचे आणि तिच्या हाताखालून गेले की शेंबड्या पोरालाही कळायचे. "आकडा ऐकून कुणी हलत नाही गं, दिसला की हलतो," हे तिचं वाक्य मी झोपेतही म्हणून दाखवीन. जीभ मात्र तिखट. शाळेत मी काढलेला वर्तुळाचा आलेख बघून तिनं विचारलं होतं, "हे काय, कलिंगड कापलंस का?"

मग बाबांना, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला, अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, बोलणंही परत आलं, पण अक्षरं गेली ती गेलीच. छापलेली ओळ समोर धरली की म्हणायचे, "नुसत्या मुंग्या फिरतायत." डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रक्तदाब ताब्यात राहिला नाही तर दुसरा झटका येईल आणि त्यातून निभावणं कठीण. गोळ्यांच्या वेळा वेगवेगळ्या, म्हणून मी माझा संसार नवऱ्यावर टाकून माहेरी येऊन राहिले. गोळी पुढे केली की बाबा उसळायचे. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" आयुष्यभर कारखान्याचा बॉयलर सांभाळलेला माणूस तो. लेकीनं आपल्याला सांभाळावं, हे त्यांच्या जिव्हारी लागत होतं.

आत्या म्हणाली, "त्याचं त्याला घेऊ दे. मी तक्ता करते."

तक्ता देखणा झाला. उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्र. प्रत्येकापुढे रंगीत गोल आणि त्याच रंगाच्या झाकणाची डबी. रक्तदाबाची गोळी सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून तिला ठसठशीत लाल. बाबांनी तक्ता निरखून पाहिला, मान हलवली. मी मध्ये पडायचं बंद केलं.

आठवडाभरात रक्तदाब चढला. मी डब्या उघडून पाहिल्या. निळी रिकामी, पिवळी रिकामी, लाल जशीच्या तशी भरलेली.

"बाबा, ही का नाही घेतली?"

"लाल आहे ना ती," बाबा म्हणाले, जणू मीच खुळी. "लालला हात लावायचा नाही. लाल व्हॉल्व्ह फिरवला की माणसं भाजतात."

आत्याला फोन केला तो भांडायच्याच तयारीनं. ती आली, डबी उघडून गोळ्या मोजल्या. "एवढी वर्षं लोकांना लाल दाखवून 'इकडे बघा' म्हणत आले," ती म्हणाली. "दादाला विचारलंच नाही, तुझं लाल काय सांगतं ते. चूक माझी."

मग तिनं पेन्सिल काढली आणि म्हणाली, "दादा, मला तुझा बॉयलर सांग."

झटक्यानंतर चार शब्दांवर न जाणारे बाबा त्या दुपारी धो धो बोलले. वाफेचा दाब दाखवणारी तबकडी कशी असते, काटा कुठवर चालतो, कुठे गेला की घाम फुटतो. तबकडीवरचा हिरवा पट्टा म्हणजे सगळं ठीक. आत्या मध्ये एकदाही बोलली नाही, आणि तिला ओळखणाऱ्याला विचारा ही केवढी गोष्ट!

नव्या तक्त्यावर सूर्य-चंद्र तेवढे उरले. प्रत्येकापुढे हिरवा व्हॉल्व्ह, म्हणजे 'उघड'. डब्यांची झाकणंही हिरवी, वर तेच सूर्य, तोच चंद्र. खाली रोजची एक कोरी तबकडी, मध्ये हिरवा पट्टा, पल्याड लाल. यंत्रावर दाब मोजून मी तबकडीवरची जागा बोटानं दाखवायची, काटा बाबांनी स्वतः काढायचा. पहिले काटे लालमध्ये घुसलेले, थरथरत्या रेघांचे. मग ते हळूहळू कलू लागले. पुढे दारातूनच दिसायचं, सगळे काटे हिरव्यात ओळीनं उभे. डॉक्टरीणबाईंनी मोबाइलवर तक्त्याचा फोटो पाहिला आणि पुढची तारीख लांबची दिली.

एका सकाळी मी डबी उचलायला गेले, तर बाबा आधीच तक्त्यासमोर उभे. गोळी घेऊन झालेली, दाब मोजायच्या यंत्राचा पट्टा दंडाला स्वतःच बांधलेला. यंत्रावर लागलेला हिरवा दिवा बघून त्यांनी काटा हिरव्यात ओढला आणि वळले. "शिफ्ट माझी आहे," ते म्हणाले. "तू घरी जा. पोरं वाट बघत असतील."

मी बॅग भरली आणि आधी आत्याकडे गेले. तिच्या टेबलासमोर तो पहिला, लाल गोलाचा तक्ता टांगलेला होता. "विसरायला नको म्हणून," ती म्हणाली. तिनं माझा बाप मला परत दिला होता, आणि बापाला त्याचं काम. हे सगळं बोलायचं ठरवून गेले होते, ते राहिलंच. मी तिच्या गळ्यात पडले.

"रडतेस काय?" ती माझ्या पाठीवर थापटत म्हणाली. "हिरवा लांबून नीट दिसतो ना त्याला, तेवढं सांग."